सुटलेला कोपरा

मुलांच्या वॉर्डात पुस्तकांची गाडी फिरवणाऱ्या मावशींना पानाचा कोपरा दुमडलेलासुद्धा खपत नसे. इथे तर सशाच्या चित्रपुस्तकातली शेवटची दोन पानं कुणीतरी एकमेकांना चिकटवून टाकली होती. कडांना डिंक, आणि खालच्या कोपऱ्याला चक्क भाताचं शीत! मावशींचं डोकंच फिरलं. हा उद्योग सात नंबरच्या आईचाच. लेकीला रोज हेच पुस्तक वाचून दाखवायची, आणि तिच्या वाचण्यातलं आजारी पिल्लू शेवटी टुणटुणीत बरं होऊन घरी जायचं.

आई औषधं आणायला खाली गेली होती, पोरगी झोपली होती. मावशी सात नंबरच्या खाटेशीच बसल्या आणि फूटपट्टी सरकवत त्यांनी हलक्या हातानं पानं सोडवली. आत सशाचं पिल्लू डोळे मिटून पडलं होतं आणि त्याची आई त्याच्यावर गवत पांघरत होती.

मावशींनी मान वर केली, तर पोरगी टक्क जागी. त्यांनी घाईघाईनं पुस्तक मिटलं.

"मावशी, आई यायच्या आत परत चिकटवा ना."

"घाबरलीस होय गं?"

"छे! मी ते कधीच बघितलंय. मागे तो कोपरा सुटला होता ना, तेव्हा." पोरगी दाराकडे बघत कुजबुजली, "मग आईला कळायच्या आत मीच ताटातलं शीत लावलं. ससा घरी गेला की तिला बरं वाटतं."