आधी कान, मग हात

"आवाज कसा येत होता, तेवढं सांग," धाकटा म्हणाला.

दादाने गाडीकडे पाहिलं. आई गेली त्या पहाटेपासून ती घरासमोर तशीच उभी होती, काचांवर धूळ घेऊन. दुपारी भंगारवाला येऊन ती ओढून नेणार होता. असली अवलक्षणी गाडी दारात नको, असं दादाने ठरवून टाकलं होतं.

धाकटा मेकॅनिक. गाडीला हात लावायच्या आधी मालकाला बोलतं करायचं, ही त्याच्या बाबांची शिकवण. आधी कान, मग हात. बाबा ट्रक चालवायचे आणि स्वतःच दुरुस्तही करायचे. कडाक्याच्या थंडीत ते रात्री ट्रकची बॅटरी काढून घरात आणत आणि रजईत गुंडाळून पलंगाखाली ठेवत, कारण गारठलेली बॅटरी सकाळी हमखास दगा देते. आई तिला आपलं तिसरं पोर म्हणायची. तुम्हा दोघांपेक्षा शहाणं आहे, रडत तरी नाही, असं वर ऐकवायची.

ती आई आता नव्हती. पहाटे तिच्या छातीत कळ आली, दादा सांगायचा की त्याने धावत येऊन चावी फिरवली, आणि गाडी काही केल्या सुरू झाली नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. महिन्याभरापूर्वी धाकट्यानेच या गाडीला नवीन कॉइल आणि प्लग बसवले होते. बॅटरी तपासून तिच्यावर पांढऱ्या रंगाची फुली मारली होती. तपासलेल्या प्रत्येक बॅटरीवर तो तशी मारायचा.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा सांगायचा, "मी त्याला दोष देत नाही हो." दोष कुणाचा, हे असं बरोब्बर सांगून तो मोकळा व्हायचा. वहिनी तेवढंही बोलत नसे. धाकट्याने गॅरेजला कुलूप ठोकलं, ते ठोकलंच. ज्या हातांनी आई घालवली, त्या हातांनी लोकांच्या गाड्या काय कपाळ दुरुस्त करायच्या! कॉइलच निकामी निघाली, तर गॅरेज कायमचं विकून टाकायचं, असा निश्चय करूनच तो आज आला होता.

"स्टार्टर रडतखडत फिरत होता, की जोरात?"

"जोरात. चांगला धडधाकट."

"आणि समोरचे दिवे?"

"लख्ख. समोरच्या भिंतीवर उजेड पडला होता."

दादा भराभर सांगत गेला. पाच-सहा वेळा चावी मारली, पेट्रोलचा वास सुटला, इंजिन नुसतं गरगरलं, पण पकडेना. बॉनेट उघडलं होतं का, असं विचारल्यावर तो म्हणाला, त्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही, आणि त्यानंतर तर तो गाडीकडे फिरकलासुद्धा नाही.

धाकट्याने मनात हिशोब मांडला. सरळ होतं सगळं. दिवे लख्ख आणि स्टार्टर जोरात, म्हणजे बॅटरी ठणठणीत. वास आला, म्हणजे पेट्रोल पोचत होतं. नव्हती ती फक्त ठिणगी. ठिणगी द्यायची कॉइलने, आणि कॉइल त्याच्या हातची.

आई गेली त्याच्या आदल्याच संध्याकाळी तिने फोन केला होता. थंडी वाढलीय, गाडी सकाळी फार कुरकुरते, असं ती म्हणाली. तो कामात होता, रविवारी येतो म्हणाला. "ये सावकाश. तोवर मी बघते काय करायचं ते. तुझ्या बाबांबरोबर उगाच संसार केला का मी?" सत्तरीतही पाण्याची भरलेली बादली एका हाताने उचलणारी बाई ती. तो हसला होता आणि फोन ठेवून दिला होता. त्या हसण्याची त्याला आता लाज वाटत होती.

"दादा, माझीच चूक," तो कसाबसा म्हणाला.

दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे. चुकतो माणूस. आणि आईचं तरी काय, रोज पहाटे उठून दुखतंय म्हणून हाका मारायची. कधीतरी व्हायचंच होतं."

दारात उभी असलेली वहिनी यावर मान वळवून दुसरीकडे बघू लागली.

धाकट्याने डोळे पुसले. भंगारात जायच्या आधी ती कॉइल एकदा डोळ्यांनी बघायची होती. स्वतःचे पाने त्याने आणले नव्हते, म्हणून त्याने बाबांची पान्यांची पिशवी मागितली. दादा म्हणाला, आता कशाला उकरून काढतोस, जे झालं ते झालं. पण वहिनीने आतून किल्ली आणली आणि त्याच्याकडे न बघता पुढे केली. पिशवी आईच्या खोलीत होती. आईला नेलं त्याच दिवशी वहिनीने त्या खोलीला कुलूप लावलं होतं, नंतर कुणीच आत पाऊल टाकलं नव्हतं.

खोलीत कोंदट गारवा होता. खिडकीत आईचा चष्मा होता. त्याच्याकडे बघवेना, म्हणून तो गुडघ्यांवर बसला आणि पलंगाखाली हात घातला. पिशवी पुढेच होती, तोंड उघडं, पाना अर्धा बाहेर आलेला. ती ओढताना हाताला मागचं काहीतरी जड लागलं. आईची जुनी रजई होती, चारी बाजूंनी नीट गुंडाळलेली.

"सापडली का रे पिशवी?" दादाने बाहेरून विचारलं.

धाकट्याने ते गाठोडं उजेडात ओढलं आणि रजईचा एक पदर उलगडला. आत दारातल्या गाडीची बॅटरी होती, वर त्याच्याच हातची पांढरी फुली.