मिश्री सोडली त्या सकाळी

दादरच्या डॉक्टरीणबाईंनी शेवंतीबाईंच्या तोंडातून आरसा काढला आणि सरळच सांगितलं, "आजी, गालात पांढरा चट्टा आलाय. आजपासून मिश्री बंद. उद्या कॅन्सर झाला तर माझ्याकडे रडत येऊ नका."

शेवंतीबाई टरकल्या. माहेरी कोकणात आई मिश्रीनेच दात घासायची, इथे डिलाईल रोडच्या चाळीत सासूही तेच. तव्यावर तंबाखू काळी होईस्तो भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांवर रगडत बसायचं. त्याशिवाय चहा गोड लागायचा नाही. ब्रशबिश म्हणजे ऑफिसवाल्यांची थेरं! सून अनुजा सांगून सांगून थकली होती. "निदान पोरीसमोर तरी लावू नका हो, आई." पण ऐकतील तर शेवंतीबाई कसल्या!

आता मात्र जिवाची भीती बसली. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या त्यांनी डबी मोरीत पालथी केली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. अनुजाने मऊ ब्रश हातात दिला, गोल गोल कसा फिरवायचा, आतल्या बाजूने कसा घासायचा, सगळं दाखवलं. मिश्रीवाचून शेवंतीबाईंचं डोकं ठणकत होतं. तरी दात घासले बाई त्यांनी!

"शाब्बास, आई!" मुलगा वैभव दारातून ओरडला.

त्यांना हसू आलं आणि लगेच रडूही. सुनेचं आधीच ऐकलं असतं तर? मेला हट्ट, दुसरं काय! पण चला, देवाच्या दयेने वेळेत सुटलं. जे काय भोगायचं ते आपल्या एकटीपुरतं, असं मनाशी म्हणत त्यांनी चूळ भरली.

चौथीतली नात आरोही दप्तर पाठीला लावून मोरीशीच उभी होती. तोंड एवढंसं झालेलं.

"काय गो बाय, शाळेक जावचा नाय काय?"

आरोहीने आई आत गेल्याची खात्री करून घेतली. मागे तिची दाढ दुखत होती, तेव्हा रडं थांबावं म्हणून आजीनेच तिच्या हिरडीला चिमूटभर मिश्री लावली होती. दाढ कधीच पडून गेली. शेवंतीबाई ते विसरूनही गेल्या होत्या.

"आजी, सगळीच का गं ओतलीस?" पोर कुजबुजली. "माझं पण डोकं दुखतंय."