मंगळवारचे अपघात

“नलूताई, उद्या तुम्ही ट्रकखाली जाताय,” लॅपटॉपवरून मान वर न करता कारखानीस गुरगुरले. “मालिकेत माणसं फार झालीत.”

पडद्यावरच्या आत्याबाई, म्हणजे नलूताई, लेखकाच्या दारातच थबकल्या. चार वर्षांची भूमिका एका वाक्यात संपली होती! त्या भांडणारच होत्या. पण टेबलावरचे काळ्या चहाचे रिकामे कप दिसले आणि आठवलं, आज मंगळवार. कारखानीसांचा उपवास. मागची दोन पात्रंही त्यांनी मंगळवारीच मारली होती.

नलूताईंचाही मंगळवार असायचा. त्यांनी आत येऊन स्वतःचा डबा उघडून पुढे सरकवला. साबुदाण्याची खिचडी, वर ओलं खोबरं, सोबत वाटीभर दही.

“नको नको,” म्हणत कारखानीसांनी चमचा उचलला. निम्मा डबा होईस्तोवर ट्रकची रिक्षा झाली. दही कालवल्यावर आत्याबाईंचा नुसता पाय मुरगळला. डबा चाटूनपुसून झाल्यावर कारखानीस खुर्चीत रेलले. “पाय बघायला येणारा डॉक्टर विधुर दाखवू या? जमेल तुमचं!”

नलूताई लाजतच बाहेर आल्या. दाराशी मालिकेतली खाष्ट सासू घुटमळत होती.

“आज माझा खून लिहिणार आहेत,” ती कुजबुजली. “त्यांना रताळ्याचा कीस चालतो का गं?”