तिसरे दार

गोदामाचे तिसरे दार मिटत नव्हते. मोटर शाबूत होती, तारा शाबूत होत्या आणि दारात कोणी उभे नव्हते.

"तुमचा प्रोग्रॅम कोणाची तरी वाट बघतोय," गोदामाचा व्यवस्थापक फोनवर म्हणाला. "रुसलेल्या जावयाची बघावी तशी. आतला सगळा गारवा बाहेर चाललाय. उद्यापर्यंत जमलं नाही तर तुमची सिस्टीमच काढतो, साहेब. राग मानू नका."

"यंत्र वाट बघत नाही. अट पुरी होईपर्यंत थांबतं," घरून बोलणारा प्रोग्रॅमर म्हणाला.

"हा फरक माझ्या बायकोला समजावून द्या एकदा."

त्याने फोन ठेवला आणि तो पडद्यापुढे बसला. ही प्रणाली त्याने आणि त्याच्या बायकोने मिळून बांधली होती. गोदामातल्या प्रत्येक स्वयंचलित गाडीत एक एजंट, म्हणजे आपल्यापुरते ठरवणारा छोटा प्रोग्रॅम. तसाच एक प्रत्येक दारात. वर मुकादम कोणी नाही. सगळे एकमेकांना निरोप धाडून काम उरकत. निरोपांचे शब्द दोघांनी जेवणाच्या टेबलावर ठरवले होते: दे, घे, उघड, येतो. मग गाड्यांचे एजंट तिने लिहिले, दारांचे त्याने.

तिला विचारता आले असते तर काम चुटकीसरशी झाले असते. पण ती घरात नव्हती. जाताना उंबऱ्यातून "येते" म्हणाली होती. किल्ली मात्र खुंटीवरच विसरली होती, म्हणून त्याने घराचे दार नुसते लोटून ठेवले होते.

लेकीचा फोन आला.

"बाबा, जेवलात?"

"जेवेन. दोघांपुरतं करून ठेवलंय."

"दार लावलंत?"

"तुझी आई किल्ली विसरलीये."



"वारं फार आहे, बाबा," ती म्हणाली. "लावून घ्या."

"बघतो."

तिसऱ्या दाराला आलेला शेवटचा निरोप त्याने शोधून काढला. 'येतो.' पाठवणारी गाडी सर्वांत जुनी होती आणि दार अडकले त्याच दिवशी ती भंगारात निघाली होती. भंगारातली गाडी 'येतो' म्हणते, याचे त्याला हसू आले. चूक बायकोच्या भागात आहे, असे त्याने लगेच धरले. तिच्या हातून चूक झाली, याचा थोडा आनंदही झाला.

मग त्याने तिचा भाग उघडला. चूक नव्हती. गाडी सेवेतून कायमची काढायची झाली, की तिने आपली कामे इतरांना वाटून द्यावीत, दारांवरचा हक्क सोडावा, शेवटी 'येतो' म्हणावे आणि बंद व्हावे. अन्यत्र कुठेही बायकोने तो शब्द वापरला नव्हता. याआधी एकही गाडी भंगारात गेली नव्हती, म्हणून तो कधी उच्चारला गेला नव्हता.

त्याच्या भागात लिहिले होते: 'येतो' ऐकल्यास ती गाडी येईपर्यंत दार उघडे ठेवावे.

कायमचे निघतानाही आपल्या भाषेत कोणी 'जातो' म्हणत नाही. हे त्याला पोरवयापासून ठाऊक होते. दाराला शिकवायचे राहिले होते.

त्याने एक ओळ बदलली. पाठोपाठ व्यवस्थापकाचा फोन आला.

"मिटलं की हो. चूक कोणाची होती? बाईंची की तुमची?"

"ऐकणाऱ्याची," तो म्हणाला.

तो उठला. ताटे झाकलेली होती, तशीच राहू दिली. बाहेरच्या दाराशी जाऊन त्याने खुंटीवरची किल्ली काढली. भिंतीचा रंग विटून पिवळा पडला होता. किल्लीमागे मात्र तिच्याच आकाराचा पांढराशुभ्र ठसा होता.

किल्ली ती विसरली नव्हती.