बाबांचा अभिप्राय

“हे काय आहे?” थेरपिस्ट बाईंनी कप वर धरून विचारलं. बाबांच्या वाचेसाठी त्या आज पहिल्यांदाच घरी आल्या होत्या.

“भंगार,” पलंगावर टेकून बसलेले बाबा म्हणाले.

“आणि हे?” त्यांनी कंगवा दाखवला.

“भंगार.”

लेकीला हसू आवरेना. “त्यांच्या काही पसंतीलाच उतरत नाही हो,” ती कौतुकानं म्हणाली. “पहिल्यापासून असेच आहेत.”

ते खरंच होतं. लिफ्टदुरुस्तीत उभा जन्म गेलेल्या या माणसाला एकच शौक. सुटीच्या दिवशी हॉलिवूडचा सिनेमा बघायचा आणि जेवताना त्याची सालं काढायची. रडका सिनेमा असला की म्हणायचे, “रडायला घरची माणसं कमी पडली का?” थ्रिलरमध्ये लिफ्ट माणसांसकट खाली कोसळली की ताटावरूनच हात उडवायचे. “अशी पडत नसते लिफ्ट! एक दोर तुटला तर बाकीचे काय झोपा काढतात?” विनोदी सिनेमात सगळं घर हसत सुटलं की हे कोरड्या चेहऱ्यानं विचारायचे, “यात हसण्यासारखं काय होतं, तेवढं सांगा.” आणि शेवटचा निकाल एका शब्दात, भंगार. लेक मात्र प्रत्येक सिनेमाची बाजू घेऊन भांडायची, म्हणून त्यांनी तिचं नाव वकीलबाई पाडलं होतं. ती संसाराला लागली, तिचे केस पिकायला लागले, तरी फोनवर दोघांचा खटला चालूच होता.

मग त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. हॉस्पिटलमध्ये ते नुसते छताकडे बघत पडून असायचे. एका दुपारी शेजारच्या खाटेवरचा माणूस मोबाइलवर इंग्रजी सिनेमा बघत होता. गाड्यांचा पाठलाग, गोळीबार, सगळं खोलीभर ऐकू येत होतं. आणि बाबांच्या तोंडून स्वच्छ शब्द आला, “भंगार.”

वकीलबाई हसता हसता रडली. बाहेर धावत जाऊन तिनं धाकट्या भावाला फोन लावला. “अरे, बाबा परत आले!”

तिनं त्यांना आपल्याच घरी आणलं आणि लांब रजा टाकली. रोज दुपारी ती त्यांना टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवायची. घसरू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी उशा खोचायची, छातीवरून ओढणी बांधायची आणि सिनेमा लावायची. निकाल यायचाच.

“भंगार.”

“का म्हणून? कामं बघा ना, किती छान केलीत सगळ्यांनी!”

सिनेमा अर्ध्यावर आला की ते जास्तच पेटायचे. डाव्या मुठीनं खुर्चीचा हात ठोकायचे. “भंगार! भंगार!”

“खुनी कोण ते कळल्याशिवाय मी बंद करणार नाही. ओरडा किती ओरडायचं ते,” असं म्हणून ती टीव्हीचा आवाज वाढवायची. संध्याकाळी हे सगळं भावाला फोनवर रंगवून सांगायची. तो पोट धरधरून हसायचा. किती दिवसांनी घरात हसणं परत आलं होतं.

थेरपिस्ट बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी लेकीकडे बोट दाखवलं. “आणि या कोण, आजोबा?”

बाबांनी लेकीकडे पाहिलं. ओठ जुळवले, पुन्हा जुळवले. “भंगार,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा रडवेला झाला.

“ताई, हे त्यांचं मत नाहीये,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “त्यांच्याकडे एवढाच शब्द उरलाय. तहान लागली तरी हाच येणार, दुखलं तरी हाच. जास्त कधी बोलतात?”

“सिनेमा बघताना,” ती म्हणाली. “म्हणजे... अर्धा झाला की.”

“खुर्चीत बसवून?”

तिनं मान डोलावली.

“जरा कुशीवर घेऊ या त्यांना.”

दोघींनी मिळून त्यांना वळवलं. बाईंनी सदरा वर केला. माकडहाडापाशी कातडी फाटून खोल, लालभडक जखम झाली होती. कडा काळ्या पडल्या होत्या. सकाळी आंघोळ घालायला येणारा माणूस मागे कधीतरी जाता जाता म्हणाला होता, जरा लाल झालंय, पावडर लावलीय. तेव्हा ती दुपारी कुठला सिनेमा लावायचा ते शोधत होती.

“डॉक्टरांना आजच बोलवा,” बाई म्हणाल्या.

“शब्द परत येतील ना त्यांचे?”

“मी येत जाईन,” बाई पिशवी आवरत म्हणाल्या. “पण त्याची वाट बघत बसू नका.”

त्या गेल्यावर लेक पलंगापाशी जमिनीवर बसली. बाबा कुशीवर होते, तोंड तिच्याकडे. बोलता येत नसलं तरी मान तर हलते त्यांची, तिच्या मनात आलं. एवढं साधं आपल्याला आधी कसं सुचलं नाही?

“पाणी हवंय, बाबा?”

मान हलली. ते हो म्हणताहेत बघून तिला केवढा धीर आला. तिनं घाईनं चमच्यानं पाणी पाजलं. त्यांनी ते गिळलं नाही. ओघळ उशीवर उतरला.

“दुखतंय का?”

मान हलली.

“आता नाही ना दुखत?”

मान हलली.

तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

“माझ्यावर रागावलात?”

मान हलली.

“नाही ना रागावलात, बाबा?”

मान हलली. तशीच, तितकीच.