मुंजाजीची जांभई

परभणी जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्या साली ताडकळसला पुण्याकडचे सरकारी डॉक्टर आले. पहिलाच पेशंट मुंजाजी. बैलगाडीत बसल्या बसल्या त्यानं भलीमोठी जांभई दिली अन् जबडाच निखळला. तोंड काही केल्या मिटेना. डॉक्टरांनी दोन्ही अंगठे दाढांवर ठेवून जबडा खाली दाबला, मागं सारला अन् जागेवर बसवला. वरून हनुवटीला पट्टी बांधली.

"जांभई आली की तोंडापुढं चुटकी वाजव म्हणून लहानपणापासून सांगायलेय," मुंजाजीची माय दगडाबाई म्हणाली. "ऐकतच न्हाई, डाक्टरसाब. मंग निखळंल न्हाई तर काय!"

"आजी, चुटकीचा आणि जबड्याचा काडीचाही संबंध नाही!" डॉक्टर तापले. त्यांनी अख्खं गाव चावडीवर बसवलं आणि जबड्याचं एकेक हाड, एकेक स्नायू समजावून सांगायला घेतला.



डॉक्टर दोन तास बोलत राहिले. चावडीभर नुसत्या चुटक्या वाजत होत्या, सगळ्यात जोरात मुंजाजीची.