चार बोटं बाहेर

चेंडू सुंदराच्या डोक्यावरून उंच गेला. नेटजवळून ती मागे धावली, रॅकेट उगारली आणि ऐन वेळी हात आवरला. चेंडू फक्कीच्या रेषेपलीकडे चांगला चार बोटं पडला आणि मागच्या जाळीवर जाऊन थडकला.

"आऊट!" इंदू ओरडली आणि तिनं रॅकेट वर फेकली.

महिला दुहेरीचा अंतिम सामना होता. तिसरा सेट, पाच-चार, चाळीस-तीस. हा चेंडू बाहेर म्हणजे मुंबईच्या दोघी हरल्या आणि सुंदरा-इंदूची खालापूरची जोडी पुण्याला राज्य स्पर्धेला गेली. मांडवात टाळ्या सुरू झाल्या. इंदूचे वडील क्लबाचे सेक्रेटरी. हार हातात घेऊन ते उठलेसुद्धा.

मुंबईची उंच मुलगी तणतणत नेटशी आली. "पंच, रेषेवर होता चेंडू!"

कमळाकर मास्तर पंचाच्या खुर्चीत डोळ्यांवर हात धरून बसले होते. ऊन समोरून येत होतं आणि मागच्या रेषेवर बघायला माणूस नव्हता.

"सुंदरा, तू जवळ होतीस," ते म्हणाले. "तू सांग."

सुंदरानं इंदूकडे पाहिलं. इंदू हसत होती. काय उत्तर येणार याची तिला खात्रीच होती.

गेल्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीला याच कोर्टावर दोघी समोरासमोर होत्या. तेव्हाही इंदू अशीच हसली होती आणि रेषेच्या आत पडलेल्या चेंडूला तिनं आऊट म्हटलं होतं. सुंदरा घसा फुटेस्तोवर सांगत राहिली. "इंदू खोटं कशाला बोलेल?" एवढंच मास्तर म्हणाले. संघात इंदू गेली. यंदा इंदूची जोडीदारीण लग्न होऊन सासरी गेली, दुसरी कोणी खेळणारी मिळेना, म्हणून कमिटीनं सुंदराला तिच्याबरोबर उभं केलं. पहिल्याच दिवशी इंदू म्हणाली होती, "मागचं काही मनात नाही ना गं?"

"नाही," सुंदरा म्हणाली होती.

आता तिनं एक पाऊल मागे घेतलं. तांबड्या मातीत उमटलेल्या चेंडूच्या खुणेवर कॅनव्हासचा बूट ठेवला आणि टाचेवर गर्रकन वळली.

"आत होता, मास्तर."

टाळ्या थांबल्या. इंदूच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यात जीव उरला नाही.

"अगं, काय बोलतेस तू? मी बघितला! मास्तर, बाहेर होता!"

मास्तरांनी मान हलवली. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून कोण खोटं बोलेल, इंदू? ड्यूस!"

"शाबास, पोरी!" मांडवातून कोणीतरी म्हणालं.

जाळीमागे फक्कीची बादली घेऊन धर्माजी बसला होता. सुंदराचा बाप. कोर्टावर रूळ फिरवणं, रेषा आखणं, क्लबाची झाडलोट, सगळं त्याच्याकडे होतं. चेंडू उचलायला ती जाळीपाशी आली तसा तो हलक्या आवाजात बोलला.

"सुंदरे, भायेर व्हता गं तो. मी बघितला."

"गेल्या साली आत व्हता," सुंदरा चेंडू पुसत म्हणाली. "तो पन तुमी बघितला व्हता, बाबा."

धर्माजीनं मान खाली घातली.

पुढे सुंदरा जीव तोडून खेळली. तिनं एकही चेंडू सोडला नाही. तिच्या खेळाला नाव ठेवायला कोणाला जागा राहिली नाही. इंदूचं मात्र खेळात लक्ष राहिलं नाही. तिनं लागोपाठ दोन गुण सर्व्हिसवरच घालवले. पाच-पाच झाले. मग पाच-सहा. शेवटचा सोपा चेंडू तिनं नेटमध्ये मारला आणि तिथंच गुडघ्यांवर बसली.

"होतं असं," सुंदरा तिला हात देत म्हणाली.

सेक्रेटरींनी तो हार मुंबईच्या मुलींना घातला. मग फोटोवाल्यानं उपविजेत्या जोडीला बोलावलं. "जवळ या, ताई. आणखी जवळ. जोडी आहे ना तुमची?"

सुंदरानं इंदूच्या खांद्यावर हात टाकला. इंदूनं खांदा आखडून घेतला. तिनं हात काढला नाही, उलट घट्ट धरला.

इंदू ओठांतल्या ओठांत म्हणाली, "आईशप्पथ सांगते, मला बाहेरच दिसला गं. माझे डोळे फिरले की काय?"

"हसा!" फोटोवाला म्हणाला.

"डोळ्यांना काही झालं नाही तुझ्या," समोर बघत सुंदरा म्हणाली. "बाहेरच होता. जा, ओरडून सांग. बघ कोण ऐकतंय."

फोटो निघाला. पुढे कितीतरी वर्षं तो क्लबाच्या भिंतीवर होता. सुंदरा सरळ समोर बघून हसते आहे आणि इंदू तिच्याकडे वळून, तोंड उघडं टाकून बघते आहे. येणारेजाणारे म्हणत, काय माया आहे दोघींची!

धर्माजी रोज सकाळी भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी फडक्यानं पुसायचा. तेवढी एक सोडून.